शुक्रवारचा खड्डा

नारपोली, भिवंडी
रविवार, दुपार (जेवण झालंय, म्हणजे डोकं शांत आहे)

तीर्थस्वरूप लडकूदाजींच्या चरणी, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला धक्का न लावता, धाकटा मेहुणा बाळाराम याचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्हीही सुरतेला विशालकडे नातवंडांत सुखात असाल, गुडघा वाकत असेल आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं रोज चालत असाल, असं समजतो. समजावंच लागतं, कारण माझा फोन तुम्ही उचलत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंय. (तुमचा फेट्यातला फोटो जाऊन तिथे एक करडं डोकं आलं, तेव्हा मला वाटलं मोबाइल बिघडला. तुमच्या विशालला विचारलं तर तो म्हणाला, मामा, मोबाइल ठीक आहे, आमचे बाबा बिघडलेत.) ठकुताईला मध्ये घालून पाहिलं. तिनं साफ सांगितलं, "नवऱ्याच्या नि भावाच्या मधी मी पडायची न्हाय. मना लूम बघायचे हायेत." सख्खी बहीण असून असं बोलली. म्हणून हे पत्र. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू तार करायला आलोय. शेवटी साधं पाकीटच घेतलं, कारण मजकूर वाढणार हे मला माहीत आहे आणि मला ओळखता म्हणून तुम्हालाही.

आधी बॅनरचं बोलू, म्हणजे तुमच्या मनातली आढी जाईल. नारपोलीच्या नाक्यावर आमच्या क्षितिजाच्या सत्काराचा बॅनर लागला आणि त्यात तुमचा फोटो नव्हता, हे खरं. तुम्ही घरचे जावई, पहिला मान तुमचा, हे कोण नाकारतं? पण त्या बॅनरवर जागा दहा डोक्यांची आणि डोकी वीस. आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, भावीचा भाऊ, शिवाय एक पोरगा ज्याचा विज्ञानाशी संबंध एवढाच की त्याच आठवड्यात त्याचा वाढदिवस होता. मागे लेझर म्हणून हळदीच्या डीजेचे हिरवे किरण. खाली मोठ्या अक्षरात ‘जागतिक शोधाबद्दल अभिनंदन’, आणि शोध कशाचा ते कुठेच नाही, कारण छापणाऱ्याला कुणी सांगितलं नाही आणि सांगणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. दाजी, राग मानू नका, पण ज्या पोरीचा सत्कार होता तिचाही फोटो त्यावर नव्हता. ती रिक्षातून त्या बॅनरखालून गेली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, कुणी वारलं का?" तर तुम्ही एकटे वगळले गेला नाहीत, चांगल्या माणसांच्या पंगतीत वगळले गेलात.

आता शोध कशाचा, ते सांगतो. तुम्ही इथे होतात तेव्हा मशीन आलेलं तुम्हाला आठवत असेल. क्षितिजा ज्या संस्थेत पीएचडी करते तिची नवी इमारत व्हायची आहे (कोनशिला बसली, तिच्यावर चार नावं आली, आता इमारतच तेवढी राहिली). परदेशातून आलेलं मशीन ठेवायचं कुठे? पूर्णा गावची गोडाऊनं पाहिली, पण ती सगळी ऑनलाइन मागवलेल्या चपला आणि मिक्सरांनी गच्च. मग क्षितिजानं आपल्या नारपोलीच्या गाळ्याचं नाव सुचवलं. तोच गाळा, तुमच्या कापडाच्या लूमच्या शेडला पाठ लावून असलेला, मधली भिंत सामाईक. मशीन आत गेलं तेव्हा तुम्ही दारात उभं राहून विचारलं होतंत, "दिवसाचं प्रॉडक्शन किती?" काहीच तयार होत नाही म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर आली तेवढी कीव मी पुन्हा कधी पाहिली नाही.

तयार होत नाही, पण दिसतं. मला क्षितिजानं चार वेळा समजावलंय, पाचव्या वेळी मी समजल्याचं सांगितलं. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा लहानसा तुकडा, मण्यांच्या सरासारखा. हा सर सरळ राहत नाही, स्वतःवरच वळून घडी घालतो, आणि घडी जशी तसं त्याचं शरीरातलं काम. ती घडी बघायची तर पाण्यात बाकीच्यांची इतकी धक्काबुक्की असते की काही कळत नाही. म्हणून त्या पाण्याचा विजेच्या दाबाखाली सुईच्या टोकातून फवारा उडवायचा. पाणी उडून जातं, विजेचा भार घेतलेला एकटा पेप्टाइड उरतो, त्याला आयन म्हणायचं. तो पोकळीत ओढायचा, वजनावरून निवडायचा, सापळ्यात कोंडायचा आणि हेलियम वायूनं गार करायचा. गार म्हणजे आपलं फ्रीज नव्हे, शून्याखाली दोनशे साठाच्या पलीकडे. हळदीत नाचणाऱ्याचा फोटो कधी धड येतो का? त्यालाच थंडीतल्या पहाटे घोंगडी पांघरून शेकोटीपाशी बसवा आणि मग काढा. तसं हे. मग त्या गारठलेल्या बिचाऱ्यावर दोन लेझर सोडायचे, दोन्ही डोळ्याला न दिसणारे. एक त्याला तोडतो आणि तुकडे मोजले जातात. दुसऱ्याचा रंग हळूहळू बदलत न्यायचा. ज्या रंगाला पेप्टाइड ओ देतो, तिथे तुकडे कमी पडतात आणि कॉम्प्युटरवरच्या रेषेत खड्डा पडतो. कुठल्या जागी किती खड्डे, यावरून घडी ओळखायची. लेझर लावून पोरगी वर्षानुवर्षं खड्डे मोजते हे कळल्यावर आपला बाबू रिक्षावाला मला म्हणाला, "काका, येवढं कशाला? माझे रिक्षात बसवा, कामतघरपर्यंतचे सगले मोजून देतो."

मशीन सुरू होण्याआधी मी पूजा केली, हे तुम्हाला माहीत आहे. ती करताना एका आरशाला मी हळदकुंकवाचा टिळा लावला, हे माहीत नसेल. लोखंडाला लावायचा तो आरशाला लागला, कारण सगळ्यात देवासारखी चकाकणारी वस्तू तीच होती. तो लेझरचा आरसा होता. नवा येईपर्यंत क्षितिजा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. (तिच्या आईशी मात्र माझ्याबद्दल भरपूर बोलली.) पण त्याहून मोठी गंमत मशीनच्या टेबलाची. त्या टेबलाला हवेवर तरंगणारे पाय असतात, म्हणजे जमिनीचे हादरे वर पोहोचत नाहीत. पाय आले, पण ते खोक्यात आहेत आणि खोक्याला लाल फीत आहे. उद्घाटनाला एक मोठे साहेब येणार, ते बटण दाबणार, टेबल बोटभर वर उचललं जाणार, टाळ्या, फोटो. तोपर्यंत खोकं उघडायचं नाही. साहेबांची तारीख तीनदा पुढे गेली. तोवर लाखमोलाचं टेबल आपल्या गाळ्याच्या फरशीवर वाण्याच्या फळीसारखं बसलंय.

आणि आता शुक्रवार. क्षितिजाचे मार्गदर्शक धनेश सर. माणूस वाईट नाही, दाजी. वीस वर्षं खड्डे मोजले, कुणी चहाला विचारलं नाही. हे सर मुंबईहून येतात ते सोमवारी आणि गुरुवारी. एका गुरुवारी त्यांनी महिन्याभराचे ग्राफ समोर पसरले आणि त्यांना दिसलं की काही ग्राफांत एक बारीकसा खड्डा जास्तीचा आहे. तारखा लावून पाहिल्या. प्रत्येक वेळी शुक्रवार. पुढचा महिना पाहिला, पुन्हा शुक्रवार. सर खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. त्यांचं म्हणणं पडलं की हा पेप्टाइड इतर दिवशी एका घडीत असतो आणि दर सात दिवसांनी दुसऱ्या घडीत जातो. असं जगात कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा हा शोध.

आता तुम्ही सुरतेत बसून कपाळावर हात मारला असेल. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर समजलेलं. पण जे आईच्या दुधाबरोबर समजतं ते माणूस कुणाला सांगत नाही. सर शुक्रवारी कधी आले नाहीत, त्यामुळे त्यांनी ती शांतता ऐकली नाही. आणि क्षितिजा इथेच जन्मली, तिला खटखट ऐकूच येत नाही. (मलाही येत नाही. माथेरानला गेलो होतो तेव्हा शांततेनं डोकं दुखलं होतं.) अशा रीतीनं एक बाहेरचा आणि एक घरची, दोघं मिळून भिंतीपलीकडच्या तुमच्या चोवीस लूमना विसरले.

शोधाची बातमी नाक्यावर गेली आणि मग काय विचारता. तुमचे मुकादम मुख्तारभाई म्हणाले, "जुम्मे की बरकत है, सेठ, इसमें मशीन क्या करेगी." आमच्या चाळीतल्या बायकांनी शुक्रवारच्या देवीचं नाव घेतलं. फवाऱ्याच्या पाण्यात किंचित आम्ल घालावं लागतं हे कुणाकडून तरी त्यांना कळलं, तेव्हा दोघीतिघी क्षितिजाला घरी येऊन सांगून गेल्या की बाई गं, बाकी काही कर, पण शुक्रवारी आंबट घालू नकोस. एका स्थानिक पेपरानं ‘शुक्र ग्रहाचा प्रथिनांवर प्रभाव’ असा मथळा दिला आणि बातमीत धनेश सरांच्या राशीचा उल्लेख केला. विशेष म्हणजे दोन्ही धर्मांचे लोक पहिल्यांदाच एका मुद्द्यावर एक झाले. शुक्रवारात काहीतरी आहे, एवढ्यावर नारपोलीत सगळ्यांचं एकमत. त्यातूनच तो बॅनर आला. सरांना तीन परिषदांची आमंत्रणं आली. त्यांनी नवा कोट शिवला, कापड अर्थातच भिवंडीचं.

मीही शहाणा नव्हतो. मी लोकांना सांगत फिरलो की माझ्या गाळ्यात जागतिक शोध लागला. सत्कारात मला शाल मिळाली. हार घालताना निवेदकानं मला शास्त्रज्ञ म्हटलं आणि मी दुरुस्ती केली नाही. शाल अंगावर असताना दुरुस्त्या सुचत नाहीत.

सत्कारानंतरच्या शुक्रवारी क्षितिजा मशीनपाशी बसून चहा पीत होती. (टेबलावर खाणंपिणं ठेवायचं नाही हा तिचाच नियम, पण त्या दिवशी गाळ्यात बघायला कुणी नव्हतं.) ग्लासातला चहा आरशासारखा स्थिर होता. शनिवारी तिनं मुद्दाम पाण्याचा ग्लास ठेवला. पाण्यावर बारीक बारीक वलयं, थांबायचं नाव नाही. तिनं भिंतीला हात लावला. पलीकडे तुमचे लूम जोरात होते. मग तिनं मला जे सांगितलं ते असं, की दोन्ही लेझर सापळ्यात एकाच रेषेवरून जावे लागतात. लूमच्या हादऱ्यानं टेबल थरथरतं, एक किरण केसभर सरकतो आणि बारीक खड्डा बुजून जातो. शुक्रवारी लूम बंद, किरण जागेवर, खड्डा दिसतो. म्हणजे दुसरी घडी रोजच आहे. पेप्टाइड शुक्रवार पाळत नाही, शुक्रवार लूमवाले पाळतात.

हे तिनं सोमवारी सरांना सांगितलं. सर म्हणाले, पाण्याच्या ग्लासावरून विज्ञान चालत नाही. ती म्हणाली, मग खोकं उघडून पाय लावू. सर म्हणाले, साहेबांच्या आधी खोकं उघडलं तर माझी बदली होईल, आणि तुझ्यावरही कारवाई. ती म्हणाली, मग मी शोधनिबंधावर सही करणार नाही. दाजी, गोम इथे आहे. मोजमाप तिचं, म्हणून निबंधावर तिची सही हवी. तिची सही नाही, तर तिच्या प्रबंधावर सरांची सही नाही, आणि सरांची सही नाही तर डॉक्टर क्षितिजा नाही. पोरीची इतकी वर्षं त्या एका सहीत अडकली आहेत.

मी तिला समजावलं, तेही खरं सांगतो. म्हटलं, अगं कर सही. कुणाचं काय बिघडतं? पेप्टाइड काही कोर्टात जात नाही. डिग्री घे आणि मग पुढच्या निबंधात दुरुस्त कर. ती जेवली, ताट उचललं, आणि मग म्हणाली, "बाबा, मला एवढंच एक काम येतं. ते पण खोटं करू?" तिच्या आईनं मला डोळ्यांनी जे सांगितलं ते पत्रात लिहिता येत नाही. मला तिचा अभिमान वाटतो आणि तितकीच भीती वाटते. अभिमान लोकांसमोर दाखवता येतो. भीती घेऊन मी गाळ्यामागे उभा राहतो आणि तुमचे लूम ऐकतो. आता मला ते ऐकू येतात.

शुक्रवार सोडून एखाद्या दिवशी लूम बंद ठेवून खड्डा दिसतो का ते बघावं, म्हणून मी मुख्तारभाईंना विचारून पाहिलं. त्यांनी आदरानं वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि कुजबुजले, "सेठ, मालिक ऊपर से देख रहे हैं." तुम्ही सुरतेत बसून मोबाइलवर चोवीसच्या चोवीस लूम बघता, हे मला तेव्हा कळलं. मुख्तारभाई त्या कॅमेऱ्यासमोर विडीसुद्धा ओढत नाहीत. मग मी विषय सोडला आणि असंच गप्पा मारायला आल्यासारखं दाखवलं.

असो. पुष्कळ लिहिलं. तुमचा गुडघा, सुरतेची हवा, नातवंडांचा अभ्यास, सगळं कळवत जा. इथे हवापाणी ठीक, घरात सगळ्यांच्या तब्येती ठीक, क्षितिजा वजनानं थोडी उतरली आहे. काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, केवळ खुशाली विचारायला लिहिलं आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि रागावलेल्यांना दोन्ही.

तुमचाच,
बाळाराम

ता. क. गेल्या मंगळवारी तुमच्या मोबाइलवरचे सगळे कॅमेरे सकाळपासून काळे झाले आणि ताईनं तुम्हाला लाइट गेल्याचं सांगितलं. लाइट गेली नव्हती. क्षितिजाचं तोंड बघून ताई कामतघरहून चालत शेडवर आली आणि मेन स्विच खाली ओढला. (आमच्या गाळ्याचा मीटर वेगळा आहे, तो चालू होता.) कामगारांना भरपगारी सुट्टी दिली आणि वर पोह्यांचा नाश्ता. मुख्तारभाईंनी हात जोडून विचारलं, "मालिक को क्या बोलूँ?" तर ती म्हणाली, "मालक मी हाय. तो सुरतंचा म्यानेजर हाय." मी मध्ये म्हटलं, दाजी रागावतील. त्यावर ती म्हणाली, "तो काय करल? फोनातशी उडी मारल?" यात माझा काही हात नाही. मी फक्त पोहे वाटले.

ता. क. दुसरा. खड्डा मंगळवारी दिसला. अगदी त्याच जागी, तेवढाच. क्षितिजा नाचली वगैरे नाही. ग्राफावर तारीख घातली आणि ओढणीनं डोळे पुसले. धनेश सरांना ग्राफ दाखवला तर त्यांचा चेहरा क्षणभर पडला, पण ते लगेच सावरले आणि म्हणाले, याचा अर्थ आवर्तन आठवड्यातून दोनदा आहे, हा तर आणखी मोठा शोध. तेव्हा तिच्या पीएचडीच्या समितीवरच्या रंजिता मॅडम तिथे होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि शुक्रवारी लूम चालू असताना खड्डा दिसला नाही, तर?" सर म्हणाले, तर मी निबंध मागे घेतो आणि हिच्या प्रबंधावर सही करतो. मॅडमनी ही अट दोघांकडून, सरांकडून आणि क्षितिजाकडून, कबूल करून घेतली. निबंध येत्या शनिवारी छापायला जायचा आहे. म्हणजे हातात हा येणारा एकच शुक्रवार.

आता दाजी, लूम बंद करायला एक ताई पुरली, पण शुक्रवारी चालू कोण करणार? मुख्तारभाईंनी सांगितलं, जुम्म्याला आमच्यातला कुणी येणार नाही, मालिक स्वतः येऊन चालवणार असतील तर आम्ही मना थोडंच करू. आणि ते बरोबरच बोलले. आठवड्याची एक सुट्टी, ती मागायला माझी जीभ रेटेना. मग राहिलं कोण? तुम्ही स्वतः लूमवर उभं राहून शेड उभी केलीत. मला सुताची तार जोडायला तुम्हीच शिकवलंत आणि तुटली की टपली मारलीत. चोवीस नाही, पण भिंतीलगतचे सहा-सात तुम्ही आणि मी मिळून ओढू. ताई आतापासून सुताच्या कांड्या भरून ठेवते आहे. तुम्हाला खुर्ची ठेवतो, गुडघा हलवायचा नाही. तुम्ही बसून ओरडा, मी पळतो. कापडात जाळी पडली, तार तुटली, अख्खा ताका वाया गेला तरी चालेल, कारण कापड नकोच आहे, नुसती खटखट हवी आहे. गुरुवारी संध्याकाळी स्टेशनावर बाबूची रिक्षा उभी राहील. पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. बॅनर म्हणाल तर नवा लावतो, एकट्या तुमच्या फोटोचा, पाहिजे तर फेट्यातला. पण या. पोरीसाठी या, माझ्यावरचा राग परत जाताना घेऊन जा.

ता. क. तिसरा, आणि हा फक्त तुमच्यासाठी. वरचं सगळं क्षितिजाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आतोबांना एवढं सांगा की लूम चालू असतानाही शुक्रवारी खड्डा दिसला, तर सर खरे आणि मी चुकले, आणि तेही मी तसंच लिहीन. मी विचारलं, आणि डिग्री? ती म्हणाली, ते नंतर बघू. दाजी, हे ऐकून मी पाकीट चिकटवायचं थांबवलं आणि पुन्हा पेन घेतलं. तेव्हा तिला कळू न देता एवढं करा, भिंतीलगतचा तो जुना लूम, ज्याचा पाया ढिला आहे आणि ज्याच्या हादऱ्यांवरून शेजाऱ्यांनी तुमची तक्रार केली होती, तो सगळ्यात आधी चालू करा आणि दिवसभर बंद करू नका. पोर खरेपणात कमी पडायची नाही, हादऱ्यांत आपण कमी पडायला नको.